नाव सांगणारा माणूस

‘रिफिफी’ या १९५५ सालच्या फ्रेंच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एक नाव आहे : पर्लो व्हिटा. सेझार नावाच्या तिजोरीफोड्याचं काम या नटाने केलं आहे. सेझार मिलानचा, छानछोकीचा, कामात वाकबगार आणि बाई दिसली की पाघळणारा. भूमिका किरकोळ नाही, पुढचा सगळा सत्यानाश त्याच्यापायी होतो. तरीही या नटाला त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं, कारण पर्लो व्हिटा नावाचा नट नव्हताच. ते काम खुद्द दिग्दर्शकाने केलं होतं. ठरलेला इटालियन नट कराराच्या घोळामुळे आला नाही, शूटिंग खोळंबून ठेवण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा ज्यूल्स डासिनने सेझारचा कोट स्वतःच अंगावर चढवला.

एरवी ही गोष्ट निर्मितीतल्या गमतीजमतींत जमा झाली असती. पण सेझार हा टोळीतला फुटणारा माणूस आहे. जिवाच्या भीतीने तो साथीदाराचं नाव सांगतो. आणि डासिन त्या वेळी पॅरिसमध्ये होता तोच मुळी अमेरिकेत कोणीतरी त्याचं नाव सांगितलं म्हणून.

पुढच्या पानांत दरोडापटांची चर्चा आहे. प्रस्तावनेने सगळ्यांची ओळख करून द्यायची असते, पण इथे एकाच चित्रपटाच्या दारात जरा जास्त वेळ थांबायचं आहे. दरोडापटात इमान कशाला म्हणतात, ते कोण राखतं आणि कोण मोडतं, हे प्रश्न ‘रिफिफी’त जितके उघडेवाघडे दिसतात तितके फार थोड्या चित्रपटांत दिसतात. शिवाय त्यांची जी उत्तरं टोळीतले गडी देतात, ती चित्रपटाला स्वतःला मान्य आहेत की नाहीत, याचीही शंका येते.

आधी शब्दाविषयी. ‘दरोडापट’ हा शब्द मराठीत सोयीचा आहे, म्हणून तो वापरायचा. भारतीय कायद्यात मात्र दरोडा व्हायला किमान पाच माणसं लागतात. त्याहून कमी असली की ती जबरी चोरी किंवा घरफोडी. ‘रिफिफी’तली टोळी चौघांची, त्यामुळे आपल्याकडच्या फौजदाराने हा गुन्हा दरोडा म्हणून नोंदवलाच नसता. त्याच फौजदाराच्या शब्दकोशात आणखी एक शब्द असतो : माफीचा साक्षीदार. जो गुन्ह्यात सामील होता, तोच साथीदारांविरुद्ध साक्ष देतो आणि त्या बदल्यात सुटतो. कायद्याला तो हवा असतो. टोळीच्या लेखी तोच फितूर, घरभेदी. एकाच कृत्याला दोन नावं, आणि ती देणारे दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले. डासिनची गोष्ट या दोन बाजूंमधली आहे.

डासिनचं आडनाव आणि ‘रिफिफी’चं यश यांमुळे पुष्कळांनी त्याला फ्रेंचच धरलं. तो अस्सल अमेरिकन होता. १९११ साली कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउनमध्ये जन्मला, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढला. आईवडील रशियातून आलेले ज्यू, वडील न्हावीकाम करणारे. तरुणपणी तो यिद्दिश रंगभूमीवर काम करत होता. १९३०च्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला आणि १९३९ मध्ये हिटलर-स्टालिन करार झाल्यावर बाहेर पडला. पुढे हॉलिवूडमध्ये ‘ब्रूट फोर्स’ (१९४७), ‘द नेकेड सिटी’ (१९४८) आणि ‘थीव्ज हायवे’ (१९४९) अशा चित्रपटांनी त्याने नाव कमावलं. ‘द नेकेड सिटी’ त्याने न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर चित्रित केला होता. शहराचा ओला रस्ता, करडं आभाळ आणि त्यात हरवलेली माणसं दाखवायची हातोटी त्याला तिथे सापडली.

१९४७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ‘अन-अमेरिकन’ कारवायांच्या समितीने हॉलिवूडला समोर बोलावलं. दहा जणांनी उत्तरं द्यायला नकार दिला आणि ते पुढे तुरुंगात गेले. त्या दहांत एडवर्ड डमिट्रिक नावाचा दिग्दर्शक होता. शिक्षा भोगून आल्यावर त्याने आपलं मत बदललं. २५ एप्रिल १९५१ रोजी तो पुन्हा समितीपुढे बसला आणि त्याने नावं सांगितली. त्यांत डासिनचं नाव होतं. मे महिन्यात फ्रँक टटल या दुसऱ्या दिग्दर्शकानेही ते घेतलं. समितीला ही नावं आधीच ठाऊक असायची. साक्षीदाराने ती स्वतःच्या तोंडाने उच्चारावीत, एवढंच पाहिजे असायचं. माहिती मिळवण्यापेक्षा माणूस आपल्या बाजूला आला आहे हे वदवून घेणं महत्त्वाचं होतं. ज्याने नावं घेतली त्याला काम मिळायचं, ज्याचं नाव घेतलं गेलं तो काळ्या यादीत जायचा, त्याची दारं बंद व्हायची. डमिट्रिकने १९५४ मध्ये ‘द केन म्युटिनी’ हा मोठा चित्रपट केला. डासिनला त्या काळात चित्रपटाचं काम देणारं कोणी नव्हतं.

फ्रान्समध्ये गेल्यावरही पाठलाग सुटला नाही. १९५३ मध्ये फर्नान्देल या लोकप्रिय नटाचा एक विनोदी चित्रपट डासिनकडे आला होता. शूटिंगला काही दिवस उरले असताना तो काढून घेतला गेला, कारण या दिग्दर्शकाचं नाव असेल तर चित्रपट अमेरिकेत लागू देणार नाही, असा दम तिकडून आला. त्यानंतर ‘रिफिफी’ समोर आला तेव्हा डासिनच्या खिशात दमडी नव्हती. निर्माता आंरी बेरारने एक गुन्हेगारी कादंबरी हातात ठेवली. लेखक ऑग्युस्त ल ब्रेतों, वर्ष १९५३. पुस्तक पॅरिसच्या गुन्हेगारांच्या बोलीत लिहिलेलं आणि डासिनला अजिबात न आवडलेलं. त्यात टोळीचे वैरी उत्तर आफ्रिकेतून आलेले दाखवले होते. डासिनने ते बदलून टाकलं आणि वैरी युरोपीय केले. कादंबरीत चोरीचा प्रसंग थोडक्यात आटोपला होता, तो त्याने चित्रपटाचा गाभा बनवला. पटकथा वाचून ल ब्रेतों पिस्तूल घेऊन आला, ते टेबलावर ठेवलं आणि ‘माझं पुस्तक कुठे आहे?’ असं विचारू लागला, ही आठवण डासिन पुढे हसत सांगत असे. दोघांची नंतर मैत्री झाली.

‘रिफिफी’ या शब्दाला मराठीत जवळचा शब्द आहे ‘राडा’. हा शब्द सर्वसाधारण फ्रेंच प्रेक्षकालाही अपरिचित होता, म्हणून चित्रपटात नाइटक्लबमधली गायिका व्हिव्हियान (मागाली नोएल) एका गाण्यातून त्याचा अर्थ समजावून देते. मूळ फ्रेंच नाव त्याहून लांब आहे. त्याचा अर्थ होतो ‘गड्यांमधला राडा’. यातला ‘गडी’ साधासुधा पुरुष नव्हे. पॅरिसच्या गुन्हेगारी बोलीत ज्याला गडी म्हणावं तो शब्दाचा पक्का, पोलिसांपुढे तोंड न उघडणारा, वाट्याची वाटणी चोख करणारा. म्हणजे शीर्षकातच एक सनद आहे आणि ती सनद कोणाकोणाला लागू, हेही सांगितलेलं आहे.

गोष्ट सुरू होते ती पत्त्यांच्या डावावर. टोनी पाच वर्षांची सजा भोगून नुकताच सुटला आहे. फ्रेंचमध्ये त्याला ‘स्तेफानवा’ म्हणतात, म्हणजे सेंत-एतिएन गावचा. झ्याँ सर्व्हे या नटाचा ओढलेला, थकलेला चेहरा आणि मधूनमधून उफाळणारा खोकला. खिसा रिकामा आहे, बाकीचे खेळाडू उधार द्यायला तयार नाहीत, म्हणून तो जोला फोन करतो आणि जो तडक पैसे घेऊन येतो. या येण्यामागे एक हिशेब आहे. पाच वर्षांपूर्वी पकडला जायचा होता जो. पण त्याच्या घरी बायको होती, मूल होतं, म्हणून गुन्हा टोनीने आपल्या अंगावर घेतला. जोच्या मुलाचं नाव तोनियो. टोनी त्याचा धर्मपिता. चित्रपटातली ही पहिली इमानदारी भूतकाळात घडून गेलेली आहे. प्रेक्षकाला ती दिसत नाही, तिची किंमत तेवढी दिसते : खोकणारा, कोणालाही नको असलेला एक माणूस.

लगेच दुसरा प्रसंग येतो आणि टोनीविषयी वाटू लागलेली सहानुभूती खाली बसते. टोनी तुरुंगात असताना त्याची प्रेयसी मादो क्लबचा मालक पिएर ग्रुटर याच्याकडे राहायला गेली आहे. टोनी तिला घरी आणतो, दागिने आणि उंची कोट उतरवायला लावतो आणि पट्ट्याने मारतो. मार पडद्यावर दिसत नाही. कॅमेरा दुसरीकडे वळतो, आवाज मात्र ऐकू येतात. जोसाठी पाच वर्षं गजाआड काढणारा आणि मादोला पट्ट्याने फोडणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही गोष्टी तो एकाच कायद्याने करतो. गड्याशी इमान राखायचं. बाईने बेइमानी केली तर तिला धडा शिकवायचा. ती पाच वर्षं वाट पाहील असं तिला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या कायद्यात बसत नाही.

या मारहाणीनंतरच टोनी चोरीला होकार देतो. जो आणि त्याचा साथीदार मारियो यांचा मूळ बेत साधा होता : र्‍यू द ला पे या उंची रस्त्यावरच्या ‘मॅपिन अँड वेब’ या जवाहिऱ्याच्या दुकानाची काच फोडायची, समोर मांडलेलं उचलायचं आणि पळायचं. टोनी म्हणतो, काच नको, तिजोरी. तिजोरीसाठी मिलानहून सेझार येतो. मग तयारी. चौघे रस्त्याची वर्दळ मिनिटामिनिटाने टिपतात. दुकानात आहे तशीच धोक्याची घंटा मिळवून तिच्यावर प्रयोग करतात. ती थोड्याशा हादऱ्यानेही वाजते, हे कळल्यावर तिचा आवाज दाबायचा उपाय शोधतात. उपाय सापडतो तो आग विझवण्याच्या नळकांड्यातला फेस.

यानंतरचं सुमारे अर्ध्या तासाचं दृश्य जगभरच्या चित्रपट-अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्यात एक शब्द नाही, एक सूर नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिकने या प्रसंगासाठी भरभक्कम संगीत लिहून ठेवलं होतं. डासिनने त्याला तो भाग संगीतासह आणि संगीताशिवाय असा दोनदा दाखवला आणि ऑरिकनेच संगीत काढून टाकायला संमती दिली. चौघं दुकानावरच्या घरात शिरतात, तिथल्या माणसांना बांधतात, जमीन फोडतात. पहिलं छिद्र पडताच त्यातून एक मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात. खडीचुना तिच्यात पडतो, खाली आवाज जात नाही. घंटेत फेस भरतात. तिजोरी मागच्या बाजूने कापतात. ऐकू येते ती फक्त छिन्नी, श्वास, एखादी दाबलेली खोकल्याची उबळ.

हा प्रसंग कारागिरीसाठी नावाजला गेला. इमानाच्या दृष्टीने पाहिला तर त्यात आणखी काही दिसतं. चौघांना बोलायची गरज उरलेली नाही. कोणाच्या हातात कधी काय द्यायचं, कोणी घाम पुसायचा, कोणी दोर धरायचा, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. एकाचा हात चुकला तर चौघं आत जातील. पूर्ण विश्वासाचा हा अर्धा तास आहे आणि तो मुका आहे. पुढे या माणसांना बोलावं लागतं तेव्हा सगळं बिघडतं.

बिघाडाची सुरुवात एका अंगठीने होते. चोवीस कोटी फ्रँकच्या दागिन्यांतून सेझार एक अंगठी हळूच खिशात टाकतो आणि नंतर ती व्हिव्हियानला देतो. लोभ म्हणावा तर वाट्याला येणाऱ्या रकमेपुढे ती अंगठी म्हणजे किस झाड की पत्ती. मोह म्हणावा तर भलताच महाग. ग्रुटरच्या नजरेला ती अंगठी पडते, त्याला सगळा उलगडा होतो. सेझारला पकडतात, दम देतात आणि तो मारियोचं नाव सांगतो. इथे दोन गुन्हे आहेत, हे डासिन नीट वेगळं ठेवतो. अंगठी चोरणं ही टोळीची फसवणूक होती, पण ती टोनीने कदाचित दोन शिव्या घालून पोटात घातली असती. नाव सांगणं त्याला पोटात घालता येत नाही.

ग्रुटरची माणसं मारियोच्या घरी पोचतात. मारियो आणि त्याची बायको इडा त्यांच्या तावडीत सापडतात. टोनीला फोन करून जाळ्यात ओढायचा डाव असतो, पण फोनवर इडा त्याला सावध करते. नवराबायको दोघं वस्तऱ्याला बळी पडतात. इडाचं टोनीशी काय देणं होतं? ती टोळीत नव्हती. तिच्या नावाचा वाटा नव्हता. शब्दाला जागण्याची शपथ तिच्याकडून कोणी घेतली नव्हती, घ्यावी असं कोणाला वाटलंही नसतं. तरी जे तिजोरीफोड्या गड्याला जमलं नाही, ते ती करते. चित्रपट या प्रसंगावर रेंगाळत नाही, म्हणून पहिल्यांदा पाहताना तो निसटून जातो.

त्यानंतर टोनी ग्रुटरच्या क्लबमागे सेझारला गाठतो. सेझार बांधलेला आहे. तो चूक कबूल करतो, भीती वाटली असं सांगतो. तू मला आवडायचास, पण नियम तुला ठाऊक आहे, अशा अर्थाचं काहीतरी टोनी बोलतो आणि गोळी झाडतो. सेझार वाद घालत नाही. हा प्रसंग लिहिताना नि करताना मनात काय होतं, हे डासिनने म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितलं : मॅकार्थीच्या काळात, म्हणजे त्या चौकशांच्या दिवसांत, वाईट क्षणी मित्रांना दगा देणारे मित्र.

हे कबूल केलं की दृश्य सोपं होईल असं वाटतं, पण ते आणखी अवघड होतं. सूडाचा चित्रपट करायचा असता तर डासिनने फितुराला किळसवाणा केला असता. त्याने केला तो चित्रपटातला सगळ्यांत लाघवी माणूस. शिवाय त्याला स्वतःचं शरीर दिलं. ज्याचं नाव सांगितलं गेलं तो दिग्दर्शक, नाव सांगणाऱ्याच्या जागी खांबाला बांधून घेऊन उभा राहिला. त्या जागी उभं राहिल्यावर भीती कशी असते, हे पडद्यावर दिसतं. गोळी मात्र चुकत नाही. सेझारला समजून घेतलं आहे, त्याला सोडलेलं नाही. टोनीचा न्याय दिग्दर्शकाला पटतो का, याचं उत्तर त्या दृश्यात शोधायला गेलं तर हाताला लागत नाही. ते पुढच्या भागात शोधावं लागतं.

कारण फितुराला मारून काहीही सावरत नाही. ग्रुटरची माणसं छोट्या तोनियोला पळवतात. त्याचा माग काढायला टोनीला मदत कोण करतं? मादो. ज्या बाईला पट्ट्याने मारलं ती. टोळीच्या वहीत ती बेइमान म्हणून नोंदलेली आहे आणि मुलासाठी ती पुन्हा त्या माणसाच्या बाजूने उभी राहते. इकडे जोची बायको लुईझ नवऱ्याला सुनावते. त्याच्यासारखी गरिबीत वाढलेली लाखो मुलं आहेत. ती गुंड झाली नाहीत, आणि तिच्या मते खरे खंबीर तेच. चित्रपटात गड्यांच्या सनदेवर थेट बोट ठेवणारं माणूस एवढं एकच आहे आणि ते बाई आहे. जो तिला उत्तर देऊ शकत नाही. तो पैसे घेऊन ग्रुटरकडे जातो आणि मारला जातो. टोनीने मुलाला आधीच सोडवलं होतं. एकमेकांना निरोप पोचला नाही एवढंच.

शेवटी जखमी टोनी उघड्या मोटारीतून मुलाला घेऊन पॅरिसला निघतो. मुलाच्या अंगात काउबॉयचा पोशाख, हातात खेळण्यातलं पिस्तूल. त्याला ही सगळी गंमत वाटते आहे. झाडं, आभाळ, रस्ते डोळ्यांसमोर फिरतात. घराशी पोचून टोनी चाकावरच प्राण सोडतो. लुईझ धावत येते, मुलाला उचलते आणि निघून जाते. नोटांनी भरलेली बॅग गाडीतच राहते. जिच्यासाठी चार गडी, एक बाई आणि ग्रुटरची सगळी टोळी संपली, त्या बॅगेकडे ती वळूनही पाहत नाही.

आता त्या काळातल्या दुसऱ्या एका चित्रपटाकडे वळू, म्हणजे ‘रिफिफी’ एकटा नव्हता हे लक्षात येईल. १९५० साली जॉन ह्यूस्टनने ‘द अस्फाल्ट जंगल’ केला. अमेरिकी दरोडापटाचा साचा त्यानेच घडवला : आखणी करणारा म्हातारा डॉक, तिजोरीफोड्या, गाडीवाला, दणकट डिक्स आणि पैसा पुरवण्याचं आश्वासन देऊन दगा देणारा वकील. त्या वेळच्या हॉलिवूडच्या नियमावलीत गुन्हेगाराला गुन्हा पचवू द्यायची मनाई होती. दरोडा फसणार हे ठरलेलंच. तो कसा फसावा, एवढंच पटकथाकाराच्या हाती असायचं आणि बहुतेक वेळा दगाफटका हाच सर्वांत रंगणारा मार्ग ठरायचा. या चित्रपटात कॉबी नावाचा बुकी पोलिसी मारापुढे कोसळतो. मारणारा अधिकारी तोच, जो त्याच्याकडून हप्ता खात आलेला असतो. डिक्स मात्र डॉकला शेवटपर्यंत सोडत नाही.

चित्रपट लागल्यानंतर वर्षभरात पडद्यावरची माणसं खऱ्या चौकशीत गेली. डिक्स झालेला स्टर्लिंग हेडन १० एप्रिल १९५१ रोजी समितीपुढे गेला आणि त्याने नावं सांगितली. कॉबी झालेला मार्क लॉरेन्स २४ एप्रिलला गेला आणि त्यानेही सांगितली. त्यांत हेडनचं नाव होतं. दुसऱ्याच दिवशी डमिट्रिकने डासिनचं नाव घेतलं. डॉक झालेल्या सॅम जॅफीला पुढे कित्येक वर्षं हॉलिवूडमध्ये काम मिळेनासं झालं. पडद्यावर जो इमानाचा पुतळा होता, तो पडद्याबाहेर टिकला नाही. हेडनने ही गोष्ट लपवली नाही. १९६३ सालच्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच्या साक्षीविषयी उघड पश्चात्ताप मांडला. मधल्या काळात, १९५६ मध्ये, स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द किलिंग’मध्ये तो पुन्हा दरोड्याचा सूत्रधार झाला होता. तिथे गुपित फुटतं ते रेसकोर्सवरच्या कॅशिअरच्या बायकोमुळे. नवऱ्याकडून काढून घेतलेली बातमी ती प्रियकराला देते. अखेरीस विमानतळावर एक छोटा कुत्रा मध्ये येतो, बॅग उघडते आणि नोटा वाऱ्यावर उडून जातात.

‘द किलिंग’मधल्या त्या बायकोशेजारी इडाला ठेवलं की डासिनचं वेगळेपण उठून दिसतं. बाईच्या तोंडी तीळ भिजत नाही, या समजुतीवर दरोडापटांनी पुष्कळ पोट भरलं आहे. त्याच वर्षीच्या ज्याँ-पिएर मेलव्हिलच्या ‘बॉब ल फ्लांबर’मध्येही बातमी फुटण्याच्या वाटा प्रेयसी आणि बायको यांच्याकडून जातात. ‘रिफिफी’त अंगठीचा माग व्हिव्हियानपर्यंत जातो खरा, पण ती बिचारी भेट घेते एवढंच. बोलतो तो गडी.

१९५५ च्या कान महोत्सवात डासिनला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, सेर्गेई व्हासिल्येव या सोव्हिएत दिग्दर्शकासोबत विभागून. फ्रान्स्वा त्रुफो तेव्हा समीक्षक होता. अतिशय वाईट कादंबरीतून अतिशय उत्तम चित्रपट निघाल्याचं त्याने कौतुकाने नोंदवलं. अमेरिकेत तो लावायचा तर डासिनने आपला जुना राजकीय संबंध चूक होती असं लिहून द्यावं, अशी अट पुढे आली. त्याने नकार दिला. मग वितरकांनी वेगळ्या कंपनीच्या आडून तो १९५६ मध्ये लावला आणि दिग्दर्शक म्हणून डासिनचं नाव पडद्यावर राहिलं. काळ्या यादीतल्या माणसाचं खरं नाव त्या काळात असं क्वचितच झळकत असे. त्याच पडद्यावर, नाव सांगणाऱ्या पात्राच्या पुढे, खोटं नाव होतं.

पुढच्या पानांत ‘रिफिफी’ची भावंडं आणि नातवंडं भेटतील. मारिओ मोनिचेल्लीने १९५८ मध्ये रोममधल्या कफल्लक चोरट्यांवर जो विनोदपट केला, त्यात ‘रिफिफी’चीच टर आहे. ते भलतीच भिंत फोडतात आणि स्वयंपाकघरात बसून हरभरे घातलेला पास्ता खातात. तिथे दगा द्यायलाही कोणाची ऐपत नाही. १९९२ च्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’मध्ये दरोडा दिसतच नाही. उरतो तो फक्त प्रश्न, आपल्यात खबऱ्या कोण? मिस्टर व्हाइट ज्याच्यासाठी सगळ्यांवर पिस्तूल रोखतो, तोच तो निघतो. हे चित्रपट वाचताना, पाहताना, नाव कोण सांगतं याबरोबरच न सांगणाऱ्याची किंमत कोण मोजतं, याकडेही लक्ष ठेवायला हरकत नाही.

डासिन स्वतः या विषयाकडे आणखी एकदा वळला. १९६४ सालच्या ‘टोपकापी’त इस्तंबूलच्या राजवाड्यातला पाचूजडित खंजीर चोरायचा बेत आहे. आर्थर सिम्प्सन नावाचा एक भुरटा, घाबरट इसम त्यात अपघाताने सापडतो. तुर्की पोलीस त्याला सीमेवर पकडतात आणि खबऱ्या म्हणून टोळीत परत पाठवतात. सेझारसारखाच हा भीतीने वाकलेला माणूस, पण एके क्षणी तो टोळीपुढे सारं कबूल करून टाकतो. कोणी त्याला बांधत नाही, गोळी घालत नाही. टोळीतल्या दणकट माणसाचे हात जायबंदी झालेले असतात, दोर धरायला कोणीतरी हवंच असतं. उंचीला घाबरणारा सिम्प्सन राजवाड्याच्या छपरावर चढतो. खाली अंधारात एक माणूस दोराला उलटा लोंबकळत खंजिराकडे सरकतो आहे, जमिनीला पाय लागला तर घंटा वाजणार आहे, आणि दोर खबऱ्याच्या हातात आहे. त्या रात्री सुटका हुकते ती एका चिमणीएवढ्या पाखरामुळे. दोर हातातून सुटत नाही. पीटर युस्टिनॉव्हला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.